थळ घाटांतील आगगाडी व माझीं छायाचित्रें

आकाशवाणीवरून छायाचित्रांविषयीं बोलणें ही जरा चमत्कारिक गोष्ट आहे. मीं काढलेलीं चित्रें आपणांस दाखवितां येत नाहींत, आणि आपण कितीहि लक्षपूर्वक ऐकत असलां तरी माझ्यासमोरची वही आपणांस दिसणार नाहीं. तरीहि हा विषय मीं आपण होऊन पत्करला आहे. माझ्या चित्रांत जें उतरलें नाहीं तेंच आज मुख्यतः सांगावयाचें आहे, आणि त्या कामीं चित्रांची अडचण भासूं नये असें मला वाटतें.

मी मूळचा मुरबाड तालुक्यांतला. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाची नोकरी धरली, ती बहुतेक शहापूर तालुक्यांतील शाळांतून केली, आणि कांहीं वर्षांपूर्वीं निवृत्त झालों. आमच्या मुरबाडास आगगाडी नाहीं. वाट नव्हती असें मात्र कोणी म्हणूं नये. सातवाहनांच्या काळीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, कोकणांतून जुन्नराकडे जाणारा व्यापार ज्या नाणेघाटानें वर चढत असे, तो घाट आमच्याच तालुक्यांतून चढतो. आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अजून जागेवर आहे. परंतु लोखंडी वाट कांहीं आमच्या वांट्यास आली नाहीं. कल्याण-मुरबाड लोहमार्गाची बोलणीं मी वर्षानुवर्षें ऐकत आलों आहें. हें भाषण लिहीपर्यंत त्या मार्गावर गाडी धांवलेली नाहीं.

त्यामुळें लहानपणीं आगगाडी ही माझ्या लेखीं परगांवची वस्तु होती. आठव्या वर्षीं वडिलांनीं मला वासिंदास नेऊन गाडी दाखविली. धूर ओकणारें इंजिन पाहावयाचें म्हणून मी गेलों होतों. पण समोरून आली ती विजेवर चालणारी मालगाडी. तिचें इंजिन हिरवट रंगाचें, पुढें मागें दोन लांब नाकें असलेलें, आणि चाकांना जोडणारे लोखंडी दांडे खालींवर हलत आहेत असें होतें. रेल्वेंतील लोक त्या जातीच्या इंजिनाला ‘खेकडा’ म्हणत, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. १९२८ च्या सुमारास, स्विस पद्धतीच्या आराखड्यावर, डोंगरी मार्गांसाठीं हीं इंजिनें बांधलीं गेलीं. त्यांतील एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत ठेवलेलें आहे. आठ वर्षांच्या मुलाला एवढें कोठून कळणार? मला धूर दिसला नाहीं ह्याचेंच वाईट वाटलें आणि परत येतांना मी वाटभर रुसून बसलों होतों.

आतां ज्या मार्गाविषयीं मी बोलणार आहें, त्याचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ह्या कंपनीनें हा मार्ग बांधला, आणि तिच्या उभारणींत नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई ह्यांचा मोठा हात होता. १८५४ सालीं गाडी कल्याणास आली, १८५५ सालीं वासिंदापर्यंत आली. तेथून आसनगांव गांठावयास मात्र १८६० साल उजाडलें, आणि कसाऱ्यास ती पोंचली १८६१ सालीं. पुढें सह्याद्रि उभा होता. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा टप्पा ता. १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला. म्हणजे बोरीबंदर ते ठाणें हें अंतर गाडीनें एका दुपारीं तोडलें. पण कसारा ते इगतपुरी ह्या सुमारें १५ किलोमीटरांसाठीं माणसांना चार वर्षें डोंगर फोडावा लागला. ह्या कामाचे प्रमुख इंजिनियर जेम्स बर्कले हे १८६२ सालींच वारले. आपण आंखलेल्या घाटांतून गाडी वर जातांना त्यांना पाहावयास मिळाली नाहीं.

ह्याच काळांत छायाचित्रणाची कलाहि आपल्याकडे नुकती रुजत होती. पहिली गाडी धांवल्याच्या पुढच्याच वर्षीं, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या वेळीं कांचेवर रासायनिक द्रव्याचा ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावें लागे, आणि कॅमेऱ्याचें तोंड कित्येक सेकंद उघडें ठेवावें लागे. म्हणून त्या काळच्या चित्रांत पूल आहेत, बोगदे आहेत, उभीं इंजिनें आहेत, पुलावर स्तब्ध उभीं केलेलीं माणसें आहेत. परंतु वेगानें धांवणारी गाडी नाहीं. धांवती गाडी त्या कांचेवर नुसत्या धुक्यासारखी उमटली असती. आज माझ्या लेकीनें दिलेल्या लहानशा कॅमेऱ्यांतहि सेकंदाच्या हजाराव्या भागांत गाडी जागच्या जागीं गोठते. ही सोय मोठी खरी; पण सोयीनें माझें नुकसान कसें झालें तें आतां सांगतों.

निवृत्तीनंतर मला ह्या चित्रांचा नाद लागला. सकाळीं आसनगांवास यावें, कसारा लोकल धरावी, आटगांव, खर्डी, कसारा अशा एखाद्या स्टेशनांत उतरावें आणि येणाऱ्या गाडीचें मुखकमल टिपावें, असा माझा क्रम असे. पाठीमागें माहुलीचे सुळके, पुढें रंगीत इंजिन. अशीं सुमारें दोनशें चित्रें मीं जमविलीं. सिग्नलचा खांब मध्यें आला तर मी जागा बदलीत असे. रुळाकडेची आंकड्यांची पाटी दिसली तर चित्रांतून कापून टाकीत असे. गाडी गेल्यावर मागें कोणी वळून पाहतो काय? मी तरी पाहत नव्हतों.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता आणि गवत कमरेइतकें वाढलें होतें. आटगांवच्या अलीकडे एका वांकणावरून चढावर येणारी मालगाडी फार सुंदर दिसते, असें मला वाटलें, आणि मी पायवाट सोडून लोहमार्गांत शिरलों. हा गुन्हा आहे, हें मला ठाऊक होतें. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें अशा अतिक्रमणास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. पण शिक्षकाच्या अंगीं, नियम हे इतरांसाठीं असतात अशी एक खोड केव्हां केव्हां येते. मी एका मार्गावरील मालगाडीकडे कॅमेरा रोखून दुसऱ्या मार्गाच्या कडेला उभा होतों. मालगाडीचा आवाज एवढा होता कीं, दुसरें कांहींच ऐकूं येत नव्हतें. इतक्यांत कोणीतरी माझ्या खांद्यावरील झोळीला हिसका देऊन मला मागें ओढलें. मी खडीवर पालथा पडलों, आणि जेथें मी उभा होतों तेथून एक जलद गाडी वाऱ्यासारखी निघून गेली. कॅमेऱ्याची कांच फुटली. माझे दोन्हीं गुडघे सोलवटले. मला ओढणारा मनुष्य शेजारीं बसून धापा टाकीत होता. तो त्या हद्दीचा कीमन होता. त्यानें दुरून हांका मारल्या होत्या, हातांतील तांबडें निशाण हलविलें होतें, आणि मी वळून पाहीना तेव्हां तो धांवत आला होता.

तोंड पाहिलें तेव्हां ओळख पटली. तो माझा जुना विद्यार्थी निघाला. गणितांत तो कच्चा होता आणि त्याबद्दल मीं त्याला बाकावर अनेकदां उभें केलें होतें. त्यानें मला पाणी दिलें. रागें भरला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, “गुरुजी, मालगाडी तुम्हांला दिसत होती, म्हणून दुसरी गाडी येणार नाहीं असें तुम्ही धरून चाललांत. माझ्या हद्दींत मीं ज्यांना ज्यांना चादरीनें झांकलें, त्यांतल्या बहुतेकांनीं असेंच धरलें असेल.”

श्रोतेहो, ह्या वाक्यानंतर दोन महिने मीं कॅमेरा हातांत घेतला नाहीं. पुढें एकदां त्याला घरीं बोलावून माझी वही दाखविली. त्यानें सगळीं चित्रें आदरानें पाहिलीं आणि विचारलें, “ह्यांत सिग्नल कोठें आहे, गुरुजी?” मजजवळ उत्तर नव्हतें. तेव्हांपासून मी शिष्य झालों आणि तो गुरु. आसनगांव स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर, त्याच्या सुट्टीच्या दिवशीं, आमचा वर्ग भरूं लागला. तेथें जें शिकलों, तें एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडून पारखून घेतलें. तेंच आतां थोडक्यांत आपणांस सांगतों.

प्रथम चढाची गोष्ट. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत गाडी सुमारें ९७० फूट, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर वर चढते. सरासरी काढली तर ५० पावलांस एक पाऊल उंची पडते. परंतु सर्वांत खडा चढ ३७ स एक असा आहे. रुळाकडेला जी पाटी मी चित्रांतून कापून टाकीत असें, तिच्यावर हाच आंकडा असतो. ३७ स एक हें ऐकावयास किरकोळ वाटतें. बैलगाडीच्या वाटेवर आपण त्याला चढहि म्हणणार नाहीं. पण हिशेब करून पाहा. हजार टनांची गाडी ह्या चढावर उभी असेल, तर तिला मागें खेंचणारा भार हजार भागिले ३७, म्हणजे सुमारें २७ टन होतो. चाकहि पोलादाचें आणि रूळहि पोलादाचा. त्यांची एकमेकांवरील पकड, रूळ कोरडा असला तरी, चाकांवरील वजनाच्या सुमारें चवथ्या हिश्शाइतकीच धरतात. सुमारें १२० टनांच्या इंजिनाची पकड अशी ३० टनांच्या आंतबाहेर भरली. त्यांतून इंजिनाला स्वतःचें वजनहि वर न्यावयाचें असतें. म्हणजे इंजिनाची शक्ति कितीहि असो, पकडच पुरत नाहीं. चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. पावसांत तर ही पकड आणखी घटते, आणि म्हणून इंजिनांत वाळू भरलेली असते व ती नळीवाटें चाकापुढें रुळावर सोडतात.

ह्यावर उपाय म्हणजे कसाऱ्यास गाडीच्या पाठीमागें जादा इंजिनें लावणें. त्यांना बँकर म्हणतात. मी पूर्वीं मनांत म्हणत असें कीं, हीं इंजिनें पुढें कां जोडीत नाहींत? त्याचें कारण असें. सारीं इंजिनें पुढून ओढूं लागलीं तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या जोडणीवर येतो. ती जोडणी तुटली, तर मागचे डबे उतारावरून माघारीं धांवूं लागतील. पाठीमागून टेंकू असला म्हणजे ताण वांटला जातो आणि डबे मागें घसरण्याची भीति राहत नाहीं. पुढचा चालक व मागचे चालक एकमेकांस पाहूं शकत नाहींत; शिटीचे ठराविक संकेत आणि बिनतारी संच ह्यांच्या साहाय्यानें ते एकाच वेळीं जोर लावतात. २०२३ च्या फेब्रुवारींत सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी मात्र बँकरावांचून घाट चढते. तिच्या निम्म्या आंसांना मोटारी जोडलेल्या असतात, त्यामुळें उतारूंसकट गाडीचें पुष्कळसें वजनच पकडीच्या कामीं येतें. गणित तेंच आहे. फक्त मांडणी बदलली.

पूर्वीं घाटांत आणखी एक युक्ति होती. डोंगराचा सोंडा इतका अरुंद कीं, मार्गाला वळावयास जागा नव्हती. तेथें गाडी एका टोंकाशीं नेऊन उभी करीत, इंजिन सोडवून दुसऱ्या टोंकास लावीत, आणि गाडी उलट्या तोंडानें पुढचा चढ चढे. पुढें नवे बोगदे व नवी वाट करून हा प्रकार बंद झाला. १९३० च्या सुमारास घाटांत वीज आली आणि बोगद्यांतला धूर गेला. ती वीज १५०० व्होल्टची होती. २००६ च्या सुमारास तिच्या जागीं २५,००० व्होल्टची आली. आज कसारा व इगतपुरी ह्यांच्यामध्यें तीन मार्ग आहेत. एहेगांवच्या दरीवरील सुमारें १८० फूट उंचीचा पूल हें ह्या घाटाचें सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे, आणि गाडीच्या खिडकींतून तो पाहतांना अजूनहि डब्यांतील बोलणें क्षणभर थांबतें.

आतां एक गंमत. रेल्वेच्या भाषेंत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाऊन’. त्यामुळें आमच्या घाटांत डाऊन गाडी वर चढते आणि अप गाडी खालीं उतरते. ह्यांतील अवघड काम कोणतें असें विचाराल, तर चढण्यापेक्षां उतरणें अवघड. चढतांना इंजिन थकलें तर गाडी उभी राहते. उतरतांना ब्रेक थकला तर ती उभी राहत नाहीं.

येथें मला रेल्वेचें मुख्य तत्त्व कळलें. गाडीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हवेची नळी असते. आपला समज असा असतो कीं, चालकानें हवा सोडली म्हणजे ब्रेक लागतो, आणि हवा संपली तर ब्रेक निकामी होतो. वस्तुस्थिति उलट आहे. नळींतला हवेचा दाब ब्रेक मोकळा ठेवतो. दाब उतरला कीं प्रत्येक डब्याखालच्या टांकींत सांठविलेली हवा आपोआप ब्रेक आंवळते. म्हणून नळी फुटली, डबे तुटले किंवा एखाद्यानें सांखळी ओढली, तर गाडी थांबते. जुन्या निर्वात ब्रेकाचेंहि तत्त्व हेंच होतें. कांहीं बिघडलें तर गाडीनें धांवावयाचें नाहीं, थांबावयाचें. ह्या एका नियमावर सगळा संसार उभा आहे.

तोच नियम घाटांतील सांध्यांना लावला आहे. उतारावर ठराविक ठिकाणीं मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा एक आंधळा रूळ असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरव्हीं त्या आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी त्याच्या अलीकडे पूर्ण थांबली, म्हणजे तिचा ब्रेक ताब्यांत आहे हें सिद्ध झालें, कीं मगच सांधा मुख्य मार्गाला जुळतो. जी गाडी थांबली नाहीं, ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकते. आपण घाट उतरतांना गाडी रानांत उगीचच थांबली म्हणून कुरकुरतों. त्या वेळीं ती आपली परीक्षा देत असते.

सिग्नलाचेंहि असेंच. पूर्वींच्या हाताच्या सिग्नलाला मागें वजन अडकविलेलें असे. तार तुटली तर त्या वजनानें हात आपोआप ‘थांबा’ ह्या स्थितींत येई. आतांच्या रंगीत दिव्यांत पुष्कळ ठिकाणीं दोन्हीं रुळांतून थोडासा वीजप्रवाह खेळता ठेवतात. तो प्रवाह पलीकडच्या यंत्रास पोंचला तर वाट मोकळी. गाडी आली कीं तिच्या लोखंडी आंसांतून प्रवाह मध्येंच वळतो, यंत्र उपाशी राहतें, आणि मागचा दिवा तांबडा होतो. तार तुटली किंवा रूळ पुरता तुटला तरीहि यंत्र उपाशीच राहतें, आणि दिवा तांबडाच होतो. आपल्या देशांत असे स्वयंचलित रंगीत दिवे प्रथम १९२८ सालीं बोरीबंदर व भायखळा ह्यांच्यामध्यें लागले. हिरवा म्हणजे चला; दोन पिवळे म्हणजे वेग आंवरण्याची तयारी; एक पिवळा म्हणजे पुढच्या खांबाशीं थांबण्याची तयारी; तांबडा म्हणजे थांबा. एवढ्या आधीं सूचना कां द्यावी लागते? ताशीं १०० किलोमीटरांनीं जाणाऱ्या भरल्या गाडीस थांबावयास जवळजवळ एक किलोमीटर लागतो. चालकाला माणूस दिसला तरी त्या वेळीं त्याच्या हातीं बहुधा शिटीशिवाय कांहीं नसतें.

आणखी एक चिन्ह आहे, तें गाडीच्या पाठीवर असतें. शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली असते, आणि दिवसा एक पाटी व रात्रीं एक तांबडा लुकलुकणारा दिवा असतो. स्टेशनांतला मनुष्य गाडी गेल्यावर तिचें मागचें अंग पाहत उभा राहतो, तो ह्यासाठीं. शेवटची खूण दिसली म्हणजे गाडी सगळीच्या सगळी आली, मध्यें एखादा डबा तुटून राहिला नाहीं, आणि मागच्या टप्प्यांत दुसरी गाडी सोडण्यास हरकत नाहीं. मीं दोनशें चित्रें गाडीच्या तोंडाचीं घेतलीं. पण ज्या माणसाच्या भरंवशावर पुढची गाडी सुटते, तो गाडीच्या पाठीकडे पाहतो.

हें सगळें यंत्राचें झालें. पण यंत्राला जें कळत नाहीं, तें पाहावयास कीमन असतो. तो रोज आपल्या हद्दीचे रूळ पायीं तपासतो. रुळांना धरून ठेवणारे आंकडे ढिले झाले असतील तर ठोकतो. थंडींत रूळ आंखडून तडकतात, उन्हाळ्यांत फुगून वांकूं पाहतात, पावसाळ्यांत खडीखालची माती वाहून जाते आणि घाटांत दरडी सुटतात. त्याच्या पिशवींत निशाणें व फटाके असतात. मार्गांत मोडतोड दिसली तर त्यानें येणाऱ्या गाडीच्या दिशेनें धांवत जाऊन ६०० मीटरांवर एक फटाका आणि १२०० मीटरांवर दहा दहा मीटरांच्या अंतरानें तीन फटाके रुळावर लावावयाचे असतात. चाकाखालीं ते वाजले कीं चालक गाडी आंवरतो.

हें सांगून झाल्यावर माझ्या शिष्यानें मला विचारलें, “गुरुजी, शंभराच्या वेगानें गाडी १२०० मीटर किती वेळांत तोडते?” मीं कागद ओढला. तो कागदाशिवायच म्हणाला, “त्रेचाळीस सेकंद. आणि मला तेवढें धांवावयास लागतात सहा-सात मिनिटें, खडीवरून.” मग थोडें हंसून म्हणाला, “शाळेंत हें गणित असेंच घातलें असतें, तर मला आलें असतें.” मला त्या वाक्याचा राग आला नाहीं, कारण तें खरें होतें. तीस-पस्तीस वर्षें मीं मुलांना वेग, काळ व अंतर शिकविलें. दोन स्टेशनांहून सुटलेल्या गाड्या कोठें भेटतील, असलीं उदाहरणें फळ्यावर शेंकड्यांनीं लिहिलीं. त्या गाड्यांखालीं रूळ असतात आणि रुळांवरून एक मनुष्य चालत असतो, हें माझ्या फळ्यावर कधीं आलें नाहीं.

मीं पुन्हां कॅमेरा घेतला, पण आतां माझी जागा ठरलेली आहे. स्टेशनमास्तरांस विचारून, फलाटावर, पिवळ्या रेषेच्या आंत. येथून वांकणावरची गाडी पूर्वींइतकी सुंदर दिसत नाहीं, हें मी मान्य करतों. नव्या वहींत चाळीसएक चित्रें आहेत. त्यांत ३७ ची पाटी आहे, कसाऱ्यास बँकर जोडतांना दोन डब्यांमध्यें वांकलेला मनुष्य आहे, पाठमोऱ्या गाडीची फुली आहे, आणि पहांटेच्या धुक्यांत आसनगांवच्या फलाटावरून टिपलेली एक आकृति आहे. त्या चित्रांत गाडी नाहीं. खांद्यावर हातोडा घेऊन एक मनुष्य रुळांकडे पाहत दूर चाललेला आहे. छायाचित्र म्हणून तें सामान्य आहे. पण माझ्या घरच्या भिंतीवर तेंच लावलेलें आहे.

ह्या वर्षापासून मी मुरबाडकडील शाळांतून ह्या वह्या घेऊन जातों. ता. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि जवळजवळ आठ किलोमीटरांच्या बोगद्यांतून मोटारी हा सह्याद्रि कांहीं मिनिटांत ओलांडूं लागल्या. उद्यां मुरबाडासहि रूळ येतील. त्या दिवशीं आमचीं मुलें पाहावयास धांवतील, आणि त्यांनीं धांवावेंहि. फक्त दोन रुळांच्या जोड्या असल्या म्हणजे एकीवर गाडी दिसत असतांना दुसरीवरून गाडी येऊं शकते, एवढें त्यांना त्यापूर्वीं कळलेलें असावें. रेल्वेनें तार तुटली तर थांबण्याची सोय केली, नळी फुटली तर थांबण्याची सोय केली, डबा तुटला तर थांबण्याची सोय केली. माणसाचें लक्ष तुटलें तर थांबण्याची सोय मात्र त्याच्या त्यालाच करावी लागते.

आपणांपैकीं पुष्कळजण सुट्टींत नाशिकाकडे जातां येतां हा घाट ओलांडीत असाल. पुढच्या खेपेस कसाऱ्यास गाडी थांबली, तर चहाचा पेला हातांत घेऊन मागून जोडल्या जाणाऱ्या इंजिनांचा धक्का कधीं बसतो तें पाहा. उतरतांना रानांत गाडी उभी राहिली, तर खिडकींतून तो डोंगरावर चढणारा आंधळा रूळ दिसतो का तें मुलांना शोधावयास सांगा. आणि एखाद्या लहान स्टेशनांतून आपली गाडी न थांबतां जात असतांना निशाण धरून उभा असलेला मनुष्य दिसला, तर तो आपल्याकडे पाहत नाहीं ह्याचें वाईट वाटूं देऊं नका. तो आपल्या गाडीचा शेवटचा डबा येण्याची वाट पाहत असतो.